दुतोंड्या मारुती आणि थ्रीडी पॉवर डॉप्लर

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये दोन मापांची चर्चा सुरू होते. एक माप क्युसेकचे. ते पाटबंधारे खात्याकडून येते आणि मोबाइलवर फिरत राहते. दुसरे माप रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीचे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत चढले, यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायचा की नाही हे ठरवतात. हा मारुती पाण्याचा वेग सांगत नाही, आणि तोंडे दोन असली तरी पाणी कोणत्या दिशेला चालले आहे हेही सांगत नाही. पाणी किती चढले आहे, एवढेच त्याच्याकडे पाहून कळते. आणि पुराच्या दिवशी दुकानदाराला नेमके तेवढेच हवे असते.

पॉवर डॉप्लर ही सोनोग्राफीची पद्धत शरीरातल्या रक्ताबाबत जवळजवळ असेच काम करते. रक्त किती वेगाने आणि कुठल्या दिशेने वाहते आहे हा प्रश्न ती बाजूला ठेवते, आणि या ठिकाणी हलते रक्त आहे का, असल्यास किती आहे, एवढेच विचारते. थ्रीडी पॉवर डॉप्लर म्हणजे असे मारुती नदीभर, हात-हात अंतरावर उभे करून साऱ्या खोऱ्याचा नकाशा काढणे. ज्या शहरात राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, त्या शहरातही सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र इंग्रजीतच हातात पडतो, आणि त्यातले ‘पॉवर डॉप्लरवर रक्तप्रवाह वाढलेला आढळला’ अशा अर्थाचे एखादे वाक्य रुग्णाची झोप उडवायला पुरेसे ठरते. त्या वाक्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, हे समजण्यासाठी आधी यंत्र काय करते ते पाहावे लागेल.

साध्या सोनोग्राफीत प्रोबमधून, म्हणजे डॉक्टर अंगाला टेकवतात त्या हातातल्या उपकरणातून, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात. त्यांची वारंवारता साधारणपणे २ ते १५ मेगाहर्ट्झ असते आणि मऊ ऊतींमधून त्या सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात. वाटेत जिथे एका प्रकारची ऊती संपून दुसरी सुरू होते तिथून त्यांचा काही भाग परत येतो, आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली मोजून करडे चित्र रंगवते. या चित्रात रक्त काळे दिसते. रक्तातील तांबडी पेशी जेमतेम ७ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते, तर ५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे पेशीच्या कितीतरी पट. त्यामुळे पेशींकडून येणारा प्रतिध्वनी भोवतालच्या ऊतींच्या प्रतिध्वनीपुढे फारच क्षीण असतो. मोठी रक्तवाहिनी काळ्या नळीसारखी ओळखू येते. बारीक वाहिन्या मात्र करड्या चित्रात हरवून जातात, आणि अनेक आजारांचा खरा पत्ता त्या बारीक वाहिन्यांकडेच असतो.

इथे डॉप्लरचा उपयोग होतो. ख्रिस्तियान डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी आपला निबंध मांडला. लहरींचा स्रोत आणि निरीक्षक एकमेकांच्या जवळ येत असतील तर वारंवारता वाढलेली आणि दूर जात असतील तर घटलेली जाणवते, असे त्याचे म्हणणे होते. १८४५ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून आणि रुळांच्या कडेला जाणकार कानाचे संगीतकार उभे करून ते तपासलेही गेले. नाशिक रोड स्थानकावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा आपल्यापुढून निघून जाताच खाली का उतरतो, याचे उत्तर तेच आहे. जपानमध्ये १९५० च्या दशकात शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व ध्वनिलहरींद्वारे हृदयाच्या हालचालींवर वापरून पाहिले, आणि १९८० च्या दशकात रंगीत डॉप्लरची यंत्रे रुग्णालयांत आली.

थोडे गणित केले तर पुढचे सारे सोपे होईल. प्रोबची वारंवारता ५ मेगाहर्ट्झ आहे, रक्त सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने वाहते आहे आणि लहरीचा वाहिनीशी कोन ६० अंशांचा आहे, असे धरू. परतणाऱ्या लहरीच्या वारंवारतेत सुमारे १६०० हर्ट्झचा फरक पडेल. हा फरक माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातला आहे, म्हणूनच डॉप्लर तपासणीत यंत्रातून लयबद्ध ‘सूं सूं’ आवाज ऐकू येतो. तो रक्ताचा प्रत्यक्ष आवाज नसून हा फरक स्पीकरवर वाजवलेला असतो. आता तेच गणित सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने सरकणाऱ्या रक्तासाठी केले, तर फरक उरतो जेमतेम ३२ हर्ट्झचा. श्वासाने हलणारे यकृत आणि ठोक्याबरोबर थरथरणारी वाहिनीची भिंत यांमुळेही असेच लहान फरक पडतात, आणि ते गाळण्यासाठी यंत्रात एक गाळणी असते. गाळणी ५० हर्ट्झवर लावली, तर भिंतीच्या थरथरीबरोबर ते हळू वाहणारे रक्तही गाळले जाते आणि पडद्यावर ‘प्रवाह नाही’ असे दिसते. डॉप्लरच्या कुठल्याही प्रकारात न दिसणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्या अशा.

रंगीत डॉप्लर प्रत्येक ठिकाणच्या वारंवारतेतील फरकाची सरासरी काढून तिला रंग देतो. प्रोबकडे येणारे रक्त बहुधा लाल आणि दूर जाणारे निळे दाखवले जाते. लाल म्हणजे शुद्ध रक्ताची धमनी आणि निळी म्हणजे शीर, असा समज इतका घट्ट आहे की तो एकदा स्पष्टपणे खोडलाच पाहिजे: एकच धमनी वळण घेताना अर्धी लाल आणि अर्धी निळी दिसू शकते, आणि एक बटण दाबून दोन्ही रंगांची अदलाबदलही करता येते. या पद्धतीच्या तीन अडचणी आहेत. वाहिनी लहरीला काटकोनात आली की सरासरी शून्याजवळ जाते आणि भरपूर रक्त वाहत असूनही जागा कोरी दिसते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की, ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती कधीकधी उलटी फिरताना भासतात तसा, रंग उलटतो. शिवाय यंत्राची संवेदनशीलता वाढवायला जावे तर विद्युत खरखरीचे ठिपके साऱ्या रंगांत पडदाभर उधळतात आणि त्यांत खरा प्रवाह शोधता येत नाही.

पॉवर डॉप्लरने या तिन्ही अडचणींना एकाच युक्तीने बगल दिली. १९९४ मध्ये जोनाथन रुबिन आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी तिचा वैद्यकीय उपयोग मांडला. वारंवारतेची सरासरी काढण्याऐवजी त्या ठिकाणाहून आलेल्या डॉप्लर संकेताची एकूण शक्ती मोजायची आणि तिलाच रंग द्यायचा, एवढीच ती युक्ती. ही शक्ती मुख्यतः किती तांबड्या पेशी हलत आहेत यावर अवलंबून असते. काटकोनात आलेल्या वाहिनीतून थोडे ‘येणारे’ आणि थोडे ‘जाणारे’ असे दोन्ही संकेत मिळतात; सरासरीत ते एकमेकांना खोडतात, बेरजेत मात्र दोन्ही जमा होतात, त्यामुळे जागा कोरी राहत नाही. रंग उलटण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण दिशा मोजलेलीच नाही. खरखरीची शक्ती कमी आणि सर्वत्र सारखी असल्याने ती गडद पार्श्वभूमीत बसते आणि संवेदनशीलता बरीच वाढवता येते. पडद्यावर दिसतो तो बहुधा गडद तांबड्यापासून पिवळ्यापर्यंतचा एकच रंगपट: जितका उजळ तितके हलते रक्त अधिक.

अर्थात त्याची किंमतही मोजावी लागते. वेग आणि दिशा गेली, आणि त्यांच्याबरोबर झडपेची गळती किंवा धमनी किती टक्के अरुंद झाली यांसारख्या वेगावर ठरणाऱ्या निदानांचा आधारही गेला. शिवाय पॉवर डॉप्लर हालचालीला फार हळवा आहे. रुग्ण खोकला, आतडे हलले किंवा पोटातल्या बाळाने लाथ मारली की पडदा एकदम रंगाने भरून जातो, आणि त्याचा रक्ताशी काही संबंध नसतो.

थ्रीडीसाठीच्या प्रोबमध्ये लहरी सोडणारा पट्टा बारीक मोटरने पंख्यासारखा झुलवला जातो. डॉक्टर प्रोब स्थिर धरतात, रुग्णाला काही सेकंद श्वास रोखून निश्चल राहायला सांगतात, आणि तेवढ्या वेळात यंत्र एकापाठोपाठ एक असे अनेक काप घेऊन त्यांचा एक ठोकळा रचते. छायाचित्र जसे पिक्सेलचे, तसा हा ठोकळा व्होक्सेल नावाच्या चिमुकल्या घनांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक घनात करडी छटा आणि पॉवर डॉप्लरचा रंग असे दोन आकडे साठवलेले असतात. मग करडा भाग काचेसारखा पारदर्शक करून आतले फक्त रक्तवाहिन्यांचे झाड उभे करता येते, ते फिरवता येते, हव्या त्या बाजूने कापता येते. सपाट चित्रात चार सुटे लाल ठिपके दिसत होते ते एकाच नागमोडी वाहिनीचे चार छेद होते, हे तेव्हाच कळते. तिसऱ्या मितीचा खरा लाभ हा आहे. थ्रीडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बाळाच्या चेहऱ्याचा फोटो येतो. तो निदानाच्या दृष्टीने या तंत्राचा सर्वांत कमी महत्त्वाचा उपयोग म्हणावा लागेल.

या ठोकळ्यातून आकडेही काढता येतात. संगणकावर गाठीची किंवा अवयवाची कडा आखतात, मग चित्र ठरावीक अंशांनी फिरवून पुन्हा आखतात. ३० अंशांच्या टप्प्यांनी गेले तर ६ वेळा आणि १५ अंशांच्या टप्प्यांनी १२ वेळा. त्यातून तयार झालेल्या आकारात रंगीत घन किती टक्के आहेत हा पहिला निर्देशांक. रक्तवाहिन्यांनी किती जागा व्यापली आहे ते तो सांगतो. त्या रंगीत घनांच्या रंगाची सरासरी तीव्रता, ० ते १०० या पट्टीवर, हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार करून १०० ने भागले की तिसरा मिळतो. समजा, १२ टक्के घन रंगीत आहेत आणि सरासरी तीव्रता ४० आहे, तर तिसरा निर्देशांक ४.८ येईल. या आकड्यांवर किती विसंबायचे ते पुढे सांगतो.

या तपासणीची खरी गरज जिथे पडते त्यांत मी वारेचे उदाहरण सर्वांत वर ठेवीन. वार, म्हणजे बाळाला पोसणारा आणि प्रसूतीनंतर आपोआप सुटून बाहेर येणारा अवयव, कधीकधी गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर रुतते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर, पिशवीच्या तोंडाशी वार बसली असेल तर हा धोका फार वाढतो. अमेरिकेतील तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी आधी एक सिझेरियन झालेल्यांत ११ टक्के, दोन झालेल्यांत ४० टक्के आणि तीन झालेल्यांत ६१ टक्के जणींमध्ये वार अशी रुतलेली आढळली. अशी वार प्रसूतीच्या टेबलावर अचानक लक्षात आली तर काही मिनिटांत लिटरभर रक्त जाऊ शकते. सोनोग्राफीत वारेमागची नेहमीची काळी रेघ नाहीशी झालेली दिसते, वारेत वेडीवाकडी रक्ताची तळी दिसतात, आणि डॉप्लरवर गर्भाशयाच्या भिंतीला समांतर धावण्याऐवजी ती भेदून मूत्राशयाकडे आडव्या पुलासारख्या गेलेल्या वाहिन्या दिसतात. थ्रीडी पॉवर डॉप्लरमध्ये या वाहिन्यांचे जाळे सर्व बाजूंनी पाहता येते; ते मूत्राशयाला किती भिडले आहे, एका कडेला आहे की मध्यभागी, याचा अंदाज शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधीच येतो.

नाशिक जिल्ह्याच्या बाबतीत हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या बाईचे आधी दोन सिझेरियन झालेले असेल आणि या वेळी वार खाली असेल, तर कळा सुरू झाल्यावर घाट ओलांडून येण्यात जाणारा वेळ तिच्याजवळ नसतो. निदान आधी झाले तर ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान तारीख ठरवून, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून, मूत्रविकाराचे सर्जन हजर ठेवून मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करता येते. मात्र यातील निम्म्याहून अधिक काम ‘आधीची सिझेरियन किती आणि वार कुठे’ या दोन प्रश्नांनीच होते, आणि ते विचारायला थ्रीडी यंत्र लागत नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

गर्भावस्थेतला दुसरा मोलाचा उपयोग बाळाच्या रक्तवाहिन्यांचा. नाळेच्या वाहिन्या वारेच्या आधाराविना, नुसत्या पडद्यातून, पिशवीच्या तोंडावरून गेलेल्या असल्या तर पाणमोट फुटताना त्या फाटू शकतात, आणि जाणारे रक्त बाळाचे असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५५ गर्भारपणांच्या आढाव्यात हे आधी ओळखले गेलेल्या बाळांपैकी ९७ टक्के वाचली, न ओळखले गेलेल्यांपैकी ४४ टक्के. डॉप्लर लावून पिशवीच्या तोंडाकडे पाहणे एवढीच ही तपासणी आहे. बाळाच्या मेंदूतील शिरांचा जन्मजात फुगा किंवा दोन मेंदूगोलार्धांना जोडणारा पूल नसल्याने बदललेला धमनीचा मार्गही याच पद्धतीने स्पष्ट होतो.

अंडाशयातील गाठींचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि घबराट सर्वांत जास्त तिथेच होते. कर्करोगाची गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या उगवून घ्याव्या लागतात, ही कल्पना जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. या नव्या वाहिन्या घाईने उगवलेल्या असतात. निफाड किंवा दिंडोरीच्या बाजूला एप्रिल आणि ऑक्टोबरची छाटणी वेळेवर झालेली द्राक्षबाग आठवावी: खोडापासून ओलांडा, ओलांड्यापासून काडी, काडीपासून कोवळी फूट, प्रत्येक टप्प्यावर जाडी शिस्तीत कमी होत गेलेली. निरोगी अवयवातील धमन्या अशा असतात. कर्करोगाच्या गाठीतील वाहिन्या बांधावर माजलेल्या घाणेरीसारख्या असतात. कुठेही फुटलेल्या, मध्येच जाड आणि मध्येच बारीक, कुठे फुगलेल्या, कुठे एकमेकींत घुसलेल्या, कुठे वाटच संपलेल्या. थ्रीडी पॉवर डॉप्लरमध्ये ही शिस्त किंवा बेशिस्त डोळ्यांना दिसते, आणि गाठीत फक्त पाणी आहे, की आत भरीव कोंब आहे आणि त्या कोंबात रक्त खेळते आहे, हेही दिसते. ही शेवटची गोष्ट मोठ्या महत्त्वाची आहे, कारण जुन्या रक्ताची गुठळी करड्या चित्रात भरीव गाठीसारखीच भासू शकते. तिच्यात रक्त मात्र वाहत नाही.

आता याची दुसरी बाजू. अंडे बाहेर पडल्यानंतर अंडाशयात दर महिन्याला जो पिवळा पिंड तयार होतो, त्याच्याभोवती नव्या रक्तवाहिन्यांचे दाट कडे असते. पॉवर डॉप्लरवर ते पेटलेल्या रिंगणासारखे दिसते आणि तरीही पूर्णपणे निरोगी असते. जंतुसंसर्गाने सुजलेल्या नळीतही प्रवाह वाढतो. उलट काही कर्करोगांत प्रवाह बेताचाच असतो. म्हणून २००० पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर रूढ होत गेलेल्या परिभाषेत अंडाशयाच्या गाठीतील रक्तप्रवाहाला १ ते ४ असे गुण दिले जातात आणि ते गाठीचा आकार, कप्पे, भरीव भाग, पोटातले पाणी यांच्याबरोबरच वाचले जातात. अनुभवी डॉक्टरने करड्या चित्रावरून केलेल्या निदानात थ्रीडी निर्देशांकांनी फारशी भर पडत नाही, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. माझ्या मते हा या तंत्राचा पराभव मानू नये. संशयाच्या काठावर असलेल्या गाठींसाठी ते राखून ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ. गाठीला पीळ बसला असल्याची शंका असतानाही असाच विवेक लागतो: अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळते, त्यामुळे थोडा प्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असे म्हणता येत नाही. मुरडलेल्या वाहिन्यांचा भोवरा दिसला तर मात्र शंका बळावते.

पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर गर्भाशयाच्या अस्तराकडे पाहावेच लागते. अस्तरातील साध्या पॉलिपला बहुधा एकच पोसणारी वाहिनी असते, देठासारखी. कर्करोगात अनेक वाहिन्या वेगवेगळ्या ठिकाणांहून शिरलेल्या असतात. फायब्रॉइडमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंच्या साध्या गाठीत, रक्तवाहिन्या गाठीभोवती परिघावर फिरतात, तर गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरून ती सुजते तेव्हा वाहिन्या त्या भागातून आरपार जातात, आणि या भेदावरून शस्त्रक्रियेचा सल्ला बदलू शकतो. वंध्यत्वाच्या उपचारांत अस्तरातील रक्तप्रवाह मोजून गर्भ रुजेल की नाही हे सांगण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि केवळ त्या आकड्यावर एखाद्या जोडप्याला आशा किंवा निराशा देणे मला रास्त वाटत नाही.

स्त्रीरोगांबाहेर बहुतेक ठिकाणी साधा, सपाट पॉवर डॉप्लरच अधिक वापरला जातो. लहान मुलाच्या वृषणाला पीळ बसल्याची शंका असेल तेव्हा मंद प्रवाह टिपण्याची त्याची क्षमता कामी येते. तिथे पहिले सहा तास निर्णायक असतात, आणि शंका दाट असेल तर तपासणीसाठी शस्त्रक्रिया खोळंबू नये. संधिवाताच्या रुग्णाच्या मनगटात आणि बोटांच्या सांध्यांत सूज बाहेरून ओसरलेली असली तरी आतल्या अस्तरात प्रवाह दिसला, तर आजार अजून धुमसतो आहे असे समजून औषध कमी करण्याची घाई केली जात नाही. मानेतील धमनी पूर्ण बंद आहे की केसाएवढी धार अजून चालू आहे, बसवलेल्या मूत्रपिंडाच्या कडेपर्यंत रक्त पोहोचते का, स्तनातील किंवा थायरॉइडच्या गाठीत सुई नेमकी कुठे घालावी, अशा प्रश्नांतही त्याची मदत होते. गाठ कसली आहे हे मात्र सुईने काढलेला तुकडा सांगतो, रंग नव्हे.

आता आकड्यांविषयी राहिलेले. ध्वनिलहर शरीरात दर सेंटिमीटरला आणि दर मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबल क्षीण होत जाते. त्यामुळे तीच गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर रंग उजळ, खोल असेल तर फिका, आणि पोटावर चरबीचा थर जाड असेल तर आणखी फिका. संवेदनशीलतेचे बटण थोडे फिरवले, गाळणी बदलली, प्रोब जोराने दाबून बारीक वाहिन्या चेपल्या, तरी आकडे हलतात. ठोकळा रचायला अनेक सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात हृदयाचे कित्येक ठोके पडून गेलेले असतात; ठोकळ्याचा एक भाग ठोक्याच्या उसळीत टिपलेला असतो तर दुसरा ओसरतीत. म्हणून कॉलेज रोडवरच्या एका केंद्रातील यंत्राचा ४.८ आणि शरणपूर रोडवरच्या दुसऱ्या केंद्रातील यंत्राचा ६.१ यांची तुलना करून आजार वाढला असे म्हणणे चुकीचे आहे. तुलना करायचीच असेल तर तेच यंत्र, तीच जुळणी, शक्यतो तोच तपासणारा, आणि स्त्रीरोगांत पाळीचा तोच काळ, एवढे पथ्य पाळावे लागते.

तपासणीत एक्स-रेसारखे किरण नसतात. तरीही डॉप्लरमध्ये साध्या सोनोग्राफीपेक्षा अधिक ऊर्जा एका जागी दिली जाऊ शकते, म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ठोस कारणाविना डॉप्लर लावू नये आणि लावल्यास पडद्यावरचा उष्णता निर्देशांक १ च्या वर जाऊ न देता थोडक्यात आटोपावे, असा संकेत आहे. हौसेखातर बाळाचे थ्रीडी फोटो काढत बसणे याच कारणाने टाळावे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात १९९४ मध्ये झाला, आणि महाराष्ट्राने तर त्याआधी, १९८८ मध्येच, स्वतःचा कायदा केला होता. गर्भवतीची सोनोग्राफी साधी असो की थ्रीडी पॉवर डॉप्लर, या कायद्याने ठरवलेला नोंदीचा अर्ज, म्हणजे फॉर्म एफ, भरल्याशिवाय ती करता येत नाही.

रुग्णाला स्वतःला करायचे ते थोडेच असते. तपासणी पोटावरून की योनिमार्गातून आहे ते आधी विचारावे, कारण पहिलीत बहुधा लघवी भरलेली लागते आणि दुसरीत मोकळी. सांगितले जाईल तेव्हा श्वास खरोखर रोखून धरावा. पाळीची तारीख, आधीची सिझेरियन, चालू असलेली संप्रेरकांची औषधे न विचारता सांगावीत. रंगाचा अर्थ त्यांवर ठरतो. आणि जुनी फाइल, केवळ शेवटचे पान नव्हे, सोबत न्यावी.

एक सोय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. साध्या सोनोग्राफीत रुग्ण टेबलावरून उठला की तपासणी संपते. जे पाहायचे राहिले ते राहिले. थ्रीडीचा ठोकळा मात्र यंत्रात जसाच्या तसा उरतो. शंका असेल तर तो पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला पाठवता येतो, आणि त्यालाही तो हव्या त्या बाजूने नव्याने कापून पाहता येतो. सुरगाण्याहून पहाटे निघालेली बाई दुपारच्या एसटीने परतीच्या वाटेला लागलेली असते, आणि इकडे डॉक्टर तिच्या गाठीतली ती एक वाकडी वाहिनी पडद्यावर अजून फिरवून पाहत असतात.